नाजूक पोटासाठी धान्याची व फराळाची निवड

वाशीम जिल्ह्यात एके काळी खरिपाची ज्वारी हे घरचे मुख्य धान्य होते. आज बहुतेक शेतांत सोयाबीन उभे असते आणि ताटात गव्हाची पोळी आली आहे. निरोगी माणसास त्यात अपाय नाही. परंतु ज्यांचे पोट नाजूक आहे, त्यांनी ज्वारीचा पुन्हा विचार करावा.

जेवणानंतर पोट फुगणे, कळ येणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध, असा त्रास काहींना वर्षानुवर्षे होतो. डॉक्टर यास आय. बी. एस. म्हणतात. अशा रोग्यांसाठी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्प फॉडमॅप आहाराची पद्धत बसविली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या व पुढे मोठ्या आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही शर्करांना फॉडमॅप म्हणतात. गहू, कांदा, लसूण, हरभरा, तूर व सोयाबीन यांत त्या अधिक असतात.

धान्ये : ज्वारी, तांदूळ व नाचणी ही धान्ये बेताच्या प्रमाणात सोसतात. भाकरी, ज्वारीच्या कण्या व भात यांवर भर द्यावा.

फराळ : मुरमुरे, पोहे, ज्वारीच्या किंवा मक्याच्या लाह्या व मूठभर शेंगदाणे घ्यावेत. चिवड्यात डाळे, मनुका, कांदा व लसूण घालू नये. बेसनाची शेव, फरसाण व मैद्याची बिस्किटे टाळावीत.

फोडणी : लसणाच्या अखंड पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. स्वाद तेलात उतरतो. त्रासदायक शर्करा तेलात विरघळत नाही. कांद्याऐवजी पातीचा केवळ हिरवा भाग वापरावा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, हे लक्षात ठेवावे.

हे पथ्य जन्मभराचे नव्हे. २ ते ६ आठवडे पाळून नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा घेऊन पाहावा व जो सोसेल तो पुन्हा सुरू करावा. सर्वच डाळी कायमच्या सोडल्यास शरीर प्रथिनांना मुकते. पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. गहू सोडण्यापूर्वी सिलिअ‍ॅक रोगाची तपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यावर ती फसवी ठरू शकते. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे किंवा ताप असल्यास पथ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. लहान मुले, गर्भवती व अशक्त व्यक्ती यांना हे पथ्य परस्पर सांगू नये, ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

शेतकरी बंधूंनी घरापुरती १० गुंठे तरी ज्वारी पेरावी. त्यास सुमारे १ किलो बियाणे पुरते. रब्बीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य असून, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही क्रांती हा वाण त्यासाठी उपलब्ध आहे. घरास भाकरी मिळेल आणि गुरांस कडबा.