कण आत शिरतो तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याखाली ऊस उभा असतो. कालव्याचं पाणी न पोचलेल्या गावांचे डोळे मात्र आभाळाला लागलेले. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. ढग दाटून येतात आणि न बरसताच पुढे निघून जातात. त्यांच्या पोटात काय चालतं हे शोधायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 2009 साली ‘कायपीक्स’ प्रयोग सुरू केला. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात त्याचा मुक्काम सोलापुरात होता. बोलबाला झाला तो कृत्रिम पावसाच्या विमानांचा. पण अशा संशोधनाची सारी भिस्त एका नळीच्या तोंडावर असते. त्याला इनलेट म्हणतात.

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या तरी सूक्ष्म कणाभोवती धरतो. म्हणून आधी कण मोजायचे. उपकरण विमानाच्या आत, हवा बाहेर, आणि विमान सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतंय. नळीने हवा त्याच वेगाने आत घेतली, तरच बाहेरचं प्रमाण आत टिकतं. ओढ कमी पडली की हवा तोंडाला वळसा घालून जाते. जड कणांना तसं वळता येत नाही, ते सरळ आत घुसतात आणि धूळ आहे त्याहून जास्त दिसते. ओढ जास्त झाली तर उलट घडतं. विमानाचं नाक जरा वर झालं, तरी हिशेब बिघडतो.

आत शिरलेली हवा संथ करावी लागते, म्हणून नळी पुढे रुंदावत नेतात. रुंदी एकदम वाढवली तर भोवरे उठतात आणि कण भिंतीला चिकटतात. शिवाय या वेगाची हवा थांबली की सुमारे पाच अंशांनी तापते. कणावरचं पाणी उडून तो मापण्याआधीच आक्रसतो. ढगात तर थेंब नळीच्या कडेवर फुटून खोटे कण तयार होतात.

जमिनीवर कण मोजायचं काम तुलनेने सोपं, पण तिथेही मिनिटाला 16.7 लिटरचा प्रवाह काटेकोर सांभाळावा लागतो. तो घटला की दहा मायक्रॉनहून मोठे कण अडवणारी चाळणी ढिली पडते. किडे आत जाऊ नयेत म्हणून जाळी, पावसाचं पाणी धरायला बाटली, नळी शक्यतो सरळ आणि धातूची. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि कण तिथेच अडकतात.

माझ्या मते खरी कसोटी मोठ्या कणांची. मिठासारखे पाणी ओढणारे कण ढगात सोडून पाऊस वाढवायचा, तर मोठे कण मोलाचे. आणि वाटेत सर्वांत आधी गळतात तेच. म्हणून इनलेटची नीट आखणी करणारा प्रत्येक आकाराचे शंभरातले किती कण उपकरणापर्यंत पोचतात, हे आधी काढतो आणि मगच आकड्यांना हात लावतो.