अजून दीडशे सामने आहेत, काका!

एप्रिल महिना म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वार्षिक परीक्षा, कैरीचं पन्हं आणि टीव्हीवरचं आयपीएल, होय ना? आमच्या घरी मात्र या दिवसांत सकाळी सव्वासातला मी फोन पुढ्यात घेऊन बसतो आणि शेजारी चहा गार होत असतो. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटल शहरात, तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते आणि ‘सिएटल मॅरिनर्स’ हा माझा लाडका बेसबॉल संघ मैदानात उतरत असतो.

एखादा सामना हातचा गेला की मी चिडचिड करतो. सातवीतली माझी पुतणी दप्तर भरता भरता म्हणते, “काका, अजून दीडशे सामने आहेत. एवढं काय त्यात?”

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज! नव्वद सामने जिंकणारा संघ उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम संघसुद्धा बहात्तर वेळा हरतो. आपल्याकडे असं झालं तर लोक दगड घेऊन रस्त्यावर येतील.

खेळ थोडक्यात सांगतो. डाव नऊ. तिघे बाद झाले की बाजू पालटते. पिचर चेंडू टाकतो, तो टप्पा न पडता थेट येतो. फलंदाजामागे उकिडवा बसतो तो कॅचर, आपला यष्टिरक्षकच म्हणा, फक्त यष्ट्या नाहीत. कुंपणापलीकडे चेंडू टोलवला की होमरन. पण षटकारासारख्या ठरावीक सहा धावा नाहीत बरं का! वाटेतल्या थांब्यांवर, म्हणजे बेसवर, आपले जितके गडी उभे असतील तितके आणि फलंदाज स्वतः, एवढ्या धावा.

२००१ साली मी सिएटलला नोकरीसाठी गेलो आणि पहिल्याच वर्षी या संघाच्या प्रेमात पडलो. जपानहून इचिरो सुझुकी नावाचा सडपातळ खेळाडू त्याच वर्षी आला होता. ११ एप्रिलला ओकलंडविरुद्ध त्याने उजवीकडच्या मैदानातून चेंडू असा फेकला की तो सरळ तिसऱ्या बेसवर पोचला आणि धावणारा गडी बाद! मॅरिनर्सनी एप्रिलमध्ये २५ पैकी २० सामने जिंकले आणि हंगामअखेर ११६. इतके विजय त्याआधी फक्त १९०६ साली शिकागो कब्जने मिळवले होते. अंतिम मालिका, म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज’, मात्र हुकली. न्यूयॉर्क यांकीजनी वाट अडवली. मला वाटलं, असू दे, पुढच्या वर्षी.

ते पुढचं वर्ष यायला एकवीस वर्षं लागली! २००१ नंतर २०२२ पर्यंत हा संघ बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. दरम्यान मी पुण्याला परतलो, केस पांढरे झाले. २०१९ मध्ये सुरुवातीच्या १५ सामन्यांत १३ विजय मिळाले, तेव्हा मी घरात पेढे आणले होते. हंगाम संपला तेव्हा ६८ विजय आणि ९४ पराभव. ते पेढे बायको अजून काढते.

उलटही घडलं. २०२२ च्या जूनमध्ये विजयांपेक्षा पराभव दहाने जास्त होते. मग लागोपाठ चौदा सामने जिंकून संघ उसळला आणि बाद फेरीत गेला. त्याच वर्षी हुलिओ रॉड्रिगेझ हा नवा पोरगा आला होता. एप्रिलभर त्याच्या नावावर एकही होमरन नव्हता. शेवटी झाले अठ्ठावीस, आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

“म्हणजे बघा,” पुतणी म्हणाली, “एप्रिलवर विश्वास ठेवायचाच नाही.”

तेव्हा मी तिला २०२३ आणि २०२४ ची गोष्ट सांगितली. बाद फेरीत अमेरिकन लीगच्या पंधरांपैकी सहा संघ जातात. २०२३ मध्ये मॅरिनर्सचे विजय ८८, शेवटच्या जागेवर आत गेलेल्या टोरोंटोचे ८९. २०२४ मध्ये मॅरिनर्स ८५, आत गेलेले डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी ८६. दोन्ही वर्षी एका सामन्याने हुकलं! आता सांगा, तो एक सामना कोणता? सप्टेंबरातला? की एप्रिलातला, थंडीने अर्ध्या रिकाम्या मैदानात, सोपा झेल सुटला तो? त्या सामन्यावर तसा शिक्का नसतो. टेबलात एप्रिलच्या विजयाचं वजन सप्टेंबरच्या विजयाएवढंच.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग २०२५ मध्ये काय झालं?”

२०२५ मध्ये नव्वद विजय मिळवून मॅरिनर्स आपल्या गटात पहिले आले, २००१ नंतर प्रथमच. कॅचर कॅल रॅली याने ६० होमरन मारले. त्याआधी एका हंगामात कोणत्याही कॅचरने ४८ च्या पुढे मजल मारली नव्हती. (त्याच्या भरभक्कम बैठकीमुळे त्याला ‘बिग डंपर’ म्हणतात. हसा, हसा, तोही हसतो.) डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना नऊऐवजी पंधरा डाव चालला आणि पोलान्कोच्या फटक्यावर जिंकला. मग टोरोंटोविरुद्ध सातवा सामना. भारतात तो २१ ऑक्टोबरच्या पहाटे होता, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. घरात रांगोळीची तयारी चाललेली आणि मी फोनला चिकटलेला. सातव्या डावापर्यंत ३–१ अशी आघाडी. आणखी आठ गडी बाद केले की इतिहासात प्रथमच वर्ल्ड सिरीज! तेवढ्यात टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४–३. संपलं. त्या दिवशी करंजी घशाखाली उतरली नाही.

तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला हा एकच संघ. १९७७ मध्ये तो सुरू झाला आणि २०२५ चा हंगाम संपला तरी पाटी कोरीच.

आता २०२६ चा हंगाम नुकताच सुरू झालाय. आजवरचे निकाल मी इथे देत नाही, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते शिळे झालेले असतील. पण खरं सांगू? मला आशा आहे. रॅलीचा करार २०३० पर्यंतचा आहे. धिप्पाड जॉश नेलरने पाच वर्षांसाठी सही केली आहे. पोलान्को मात्र न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, त्याची चुटपुट आहेच. गिल्बर्ट, कर्बी, वू असे पिचर आहेत, आणि सिएटलच्या गार, दमट हवेत चेंडू फार लांब जात नाही, त्याचा त्यांना फायदाच. काळजी वाटते ती फलंदाजांची. तीच हवा त्यांना छळते. २०२४ मध्ये पिचरांनी जीव तोडून अडवलं आणि फलंदाजांनी निराशा केली, ते मी विसरलेलो नाही. आणि रॅली पुन्हा साठ मारील, असं मी तरी धरून चालणार नाही. कॅचरचे गुडघे रोज शेकडो बैठका काढतात.

पुतणीची रिक्षा सात चाळीसला येते, म्हणजे तिला जेमतेम दीड डाव पाहायला मिळतो. तिने आता रफ वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेत. एकात विजय, दुसऱ्यात ‘जिंकायला हवे होते असे’. काल रिक्षात चढता चढता ओरडली, “काका, आज हरले तर कुठल्या डावात हरले तेही लिहून ठेवा!”