दोन बंद खिडक्या

"थुंकी नको वहिनी, बेडका पाहिजे. आतनं, छातीतनं."

आशाताई झाकणाची पारदर्शक डबी पुढे करतात आणि स्वतः मागे सरकून, वारा पाठीवर घेऊन उभ्या राहतात. मलाही दंडाला धरून आपल्या बाजूला ओढतात. परसात धुण्याच्या दगडाशी उभी असलेली ती बाई चूळ भरते, दोनदा खोल श्वास घेते आणि तिसऱ्यांदा कळवळून खोकते. ताई लांबूनच डबीत डोकावतात. "हे नुस्तं पाणी हाय. परत."

पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण थांबून बघते आहे. वहिनी पदर ओढून घेते. "आत मोरीत जाऊन काढू का ओ ताई?"

"आत अजिबात न्हाई. मोरीत खोकलात तर ते तितंच फिरत ऱ्हातंय. हितं वारं हाय, ऊन हाय, जातंय निघून."

इचलकरंजीतली ही गल्ली. दातारांनी 1904 साली या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे घराघरांच्या भिंतीला भिंत लावून कारखाने उभे राहिले. या घराच्या मागच्या भिंतीपलीकडेही माग चालू आहेत. फडताळातली भांडी सारखी किणकिणतात. वहिनींचा नवरा पलीकडच्या गल्लीत चार माग चालवतो. महिनाभर खोकत होता, मावा बंद केला की थांबेल म्हणत होता. मग ट्रूनॅट यंत्रावर बेडका तपासला. गोव्यातल्या कंपनीनं तयार केलेलं हे यंत्र तास-दीड तासात क्षयाचा जंतू दाखवतं. जंतू सापडला. रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देतो की नाही हेही त्यात कळतं. देतो असं निघालं, म्हणून नेहमीची सहा महिन्यांची औषधं सुरू झाली आहेत. आज ताई घरातल्या बाकीच्यांना तपासायला आल्या आहेत.

आतली खोली दहा बाय बाराची असेल. एक कॉट, टीव्ही, देवाचा कोनाडा. कॉटवर तो भिंतीला टेकून बसला आहे, रुमाल हातात, मास्क हनुवटीखाली. म्हातारीनं त्याची ताटली, पेला, चमचा वेगळा काढून ठेवला आहे. घोटाळा नको म्हणून पेल्याला लाल दोरा बांधला आहे. ताटली चुलीच्या राखेनं घासते, गरम पाण्यानं धुते, हे ती आम्हाला दोनदा सांगते. ताई ऐकून घेतात आणि सरळ खिडकीपाशी जातात. गल्लीकडची एकुलती एक खिडकी, काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"मावशी, ही कवा उघडता?"

"वारं लागंल की त्येला. आधीच अंगात ताप."

ताई काही बोलत नाहीत. दारातून आत आलेली वहिनीच हळू आवाजात सांगते, "गल्लीला खोकला ऐकू जातोय ताई. म्हणून लावतोय."

हे खरं कारण. ताटलीची भीती उघडपणे सांगता येते, शेजाऱ्यांची येत नाही. सगळी धास्ती जाते ताटली घासण्यात, आणि ज्या हवेतून रोग जातो ती हवा मात्र खोलीत कोंडून ठेवलेली. कॉख या शास्त्रज्ञानं हा जंतू दाखवून दिला 24 मार्च 1882 ला, पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा यावर पुढं कितीतरी वर्षं वाद चालू होता. 1950 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका इस्पितळात वेल्स आणि रायली यांनी क्षयाच्या रुग्णांच्या खोलीतली हवा नळीनं वर नेऊन पिंजऱ्यातल्या गिनीपिगांवर सोडली. त्या प्राण्यांनी रुग्णाला पाहिलं नाही, त्याच्या ताटलीत खाल्लं नाही. नुसती हवा घेतली आणि त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील प्रकाशातून काढून दिली तेव्हा झाला नाही. माझ्या मते शाळेच्या पुस्तकात हा प्रयोग असायला हवा होता. आपल्याकडे मात्र पेल्याला दोरा बांधायची परंपरा टिकली.

खिडकीची कडी रंगानं घट्ट बसली आहे. ताई तिला चपलेनं हाणतात, मग म्हातारी स्वतःच वरवंटा आणून देते. तिसऱ्या ठोक्याला झडप उघडते, वर्तमानपत्र फाटतं आणि मागांचा आवाज एकदम दुप्पट होऊन आत येतो.

पुढचं सगळं झपाट्यानं. कॉट फिरवून तिची डोक्याची बाजू खिडकीखाली. टेबलफॅन दाराकडून खिडकीच्या दिशेनं, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाईल. छताचा पंखा? "त्यो नुस्ता घुसळतोय, भाईर काय काढत न्हाई." पोरं काही दिवस बाहेरच्या पडवीत आजीजवळ झोपणार. बेडक्यासाठी झाकणाचा डबा, तळाला फिनेल, आणि तो रोज संडासात ओतायचा. वहिनी विचारते, "आमीबी मास्क लावू का?" ताई त्याच्याकडे बोट दाखवतात. "आधी ह्येनी. नाकावर घ्या ओ दादा, दाढीला कशाला बांधलाय?"

तो पहिल्यांदा हसतो आणि मास्क वर ओढतो. वजन 41 किलो, म्हणून रोज तीन गोळ्या, सकाळी अनशापोटी. लघवी तांबडी होते म्हणून घाबरून त्यानं एक दिवस गोळी चुकवली होती. तो औषधाचाच रंग आहे, हे ताई त्याला समजावतात आणि लगेच वहिनीलाही सांगतात, कारण गोळ्या मोजणारी तीच आहे.

"माझ्या सासऱ्याला मिरजेकडं ठिवलंतं," म्हातारी मधेच म्हणते. "वानलेसवाडीला, टीबीच्या दवाखान्यात. परत आलं न्हाईत. ह्येला न्हेणार न्हाई न्हवं?"

नेणार नाहीत. त्याचं श्रेय बरंचसं मद्रासला जातं. 1956 पासून तिथं गरीब, दाटीवाटीनं राहणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना घरीच ठेवून तीच औषधं दिली गेली. घरच्या भाकरीवर राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या घरच्यांना आरोग्यधामातल्या रुग्णांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. जी काय लागण व्हायची ती बहुतेक औषधं सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. गोळ्या नीट चालू राहिल्या की रुग्णापासूनचा धोका झपाट्यानं उतरतो. म्हणजे या घरातला सगळ्यात धोक्याचा काळ मावा सोडायच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हाचा होता, आजचा नव्हे. तरी गल्ली घाबरते ती आज, निदान झाल्यावर.

चार वर्षांची धाकटी आईच्या साडीत तोंड खुपसून बघते आहे. ताई तिची चिठ्ठी सगळ्यांत आधी लिहितात. पाच वर्षांखालच्या मुलांत हा रोग मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, म्हणून आधी तपासणी, आणि क्षय नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध. म्हातारी, वहिनी आणि नऊ वर्षांचा थोरला यांचीही नावं त्याच कागदावर.

"कामावर कवा जाऊ?" तो विचारतो.

"दोन आठवडं तरी घरात. मग डॉक्टर सांगतील."

तो गप्प बसतो. इथली मजुरी मीटरवर, 52 पिकांच्या, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबानं. माग उभा तर मजुरी उभी. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून महिना हजार झाले आहेत, ते खात्यात येतील असं ताई सांगतात. वहिनी फटकन म्हणते, "हजारात आठवड्याचा बाजारबी हुईत न्हाई." ताई वाद घालत नाहीत. मीही घालू शकत नाही.

तिथून आम्ही कारखान्यात जातो. दारातच कान बंद होतात. चोवीस माग, दोन ओळी, मधे एक माणूस तिरका होऊन जाईल इतकीच वाट. तूस सगळीकडे: दिव्यांवर, कोळ्याच्या जाळ्यांवर, कामगारांच्या भुवयांवर. बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, आणि मास्कशिवाय तसं बोलणं हाच इथला सगळ्यात मोठा धोका असावा असं मला वाटतं. त्याच्या चार मागांवर बदली पोरगा उभा आहे. कोपऱ्यात माठ, त्यावर साखळीनं बांधलेला पेला. तो पेला आता कुणी वापरत नाही, प्रत्येकाची बाटली वेगळी. खिडक्या मात्र सगळ्या बंद, फटींना प्लॅस्टिकचा कागद.

दिवाणजींच्या काचेच्या खोलीत जरा ऐकू येतं.

"बसा की ताई. चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊद्या दिवाणजी. खिडक्या उघडा."

"तार तुटतोय. वारं आलं की सूत वाळतंय, तार तुटला की माग थांबतोय. मालक मला ठिवतील व्हय?"

खोटं नाही ते. सुताला दमट हवा लागते आणि माणसाला वाहती. या दोघांत आजवर सूतच जिंकत आलं आहे. माग दुरुस्त करणारा जॉबर आत येऊन ऐकतो, पान्ह्यानं मान खाजवतो आणि म्हणतो, वरचे झरोके उघडले तर वारं मागावर येणार नाही, छताखालूनच निघून जाईल. एका बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचा. दिवाणजी पंख्याची किंमत विचारतात. जॉबर सांगतो. दिवाणजी मालकांना फोन लावतात, तीन मिनिटं "व्हय मालक, व्हय मालक" करतात आणि फोन ठेवून म्हणतात, झरोके आज उघडा, पंख्याचं ते बघून सांगतील.

जॉबर शिडी आणायला जातो. ताई तोवर त्या चार मागांच्या आजूबाजूचे माग कोण चालवतं ते विचारून लिहितात: दिवसपाळीचे पाच, रातपाळीचे पाच, कांडीवाल्या दोघी. कांडीवाल्यांपैकी एक दारातूनच विचारते, हजेरी तुटणार का? ताई दिवाणजींकडे बघतात.

"पाळी बदलताना या," दिवाणजी म्हणतात. "दोन्ही पाळ्यांची माणसं एकदम गावतील, हजेरीबी तुटत न्हाई. शनवारी सकाळी."

"बेडका घ्यायला उघडी जागा पाहिजे. वर छत नको."

"मागं बोळ हाय की. कांड्यांची पोती पडल्यात तितं, ती हलवाय लावतो."

ताई वहीत शनिवार लिहितात आणि पोती किती आहेत ते बघायला बोळाकडे निघतात.