सोमवारची ट्रॉफी, मंगळवारचा कांदा

इंग्लंडमधल्या करी हाउसवाल्यांचे पुरस्कार सोहळे बहुधा सोमवारी रात्री असतात. शुक्रवार-शनिवार हे कमाईचे दिवस. त्या रात्री कुठलाही मालक सूट-टाय घालून दुसऱ्याच्या हातचं जेवायला जाणार नाही. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका सोहळ्याला जायचा योग आला. आमच्या गावातल्या एका रेस्टॉरंटचं नाव अंतिम यादीत होतं आणि त्यांचा अर्ज मी लिहून दिला होता. मालक साठीचे, मूळचे सिल्हेटचे. आमची मुलं त्यांना चाचा म्हणतात. "मॅडम, आप तो टीचर हैं, आप ही लिख दो," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात ठेवले होते.

पाटीवर 'इंडियन' लिहिलेलं असलं तरी इथली बहुसंख्य करी हाउसं बांगलादेशी मंडळींची, त्यातही सिल्हेटकडच्यांची. आपल्याला हे ठाऊक असतं, पण भारतातून आलेल्या पाहुण्यांना दरवेळी नवल वाटतं. सिल्हेटचे लोक ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून आले, बंदरांत उतरले आणि त्यांतल्या काहींनी खानावळी काढल्या. त्याही आधी, 1810 मध्ये, पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं होतं. दोनच वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. या धंद्याला स्वतःचं व्यासपीठ मिळालं ते मात्र 2005 मध्ये, स्वतः रेस्टॉरंट चालवणाऱ्या इनाम अलींनी 'ब्रिटिश करी अवॉर्ड्स' सुरू केले तेव्हा. पुढे असे आणखीही सोहळे निघाले.

अर्जात खूप रकाने होते. स्वच्छतेचे गुण, ग्राहकांचे अभिप्राय, गावासाठी केलेली मदत. 'तुमचं वेगळेपण काय?' या प्रश्नावर चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काही नाही. एकोणतीस वर्षं शेफ तोच आहे." मी तेच लिहिलं.

सोहळा झकपक होता. दहा-दहा जणांची गोल टेबलं. ती पैसे भरून घ्यायची. पडद्यावर तांदळाच्या, बिअरच्या, तंदूरभट्ट्यांच्या जाहिराती. एवढे खर्च करून मिळालेल्या बक्षिसाला काय अर्थ, असं मनात आलं होतं. पण नाव पुकारलं गेलं आणि चाचा उठताना खुर्चीला धरून क्षणभर थांबले, तेव्हा तो विचार कुठल्या कुठे गेला. विभागातलं पहिलं बक्षीस त्यांना होतं. स्टेजवरून उतरल्या उतरल्या त्यांनी शेफना फोन लावला. कुणी उचलला नाही. रेस्टॉरंट उघडं होतं, ऑर्डरी चालू होत्या.

मंगळवारी सकाळी पेढे घेऊन गेले. ट्रॉफी गल्ल्याजवळ, कार्डाच्या मशीनशेजारी होती. आत शेफ कांदा सोलत बसले होते, पोतंभर. कांदा, थोडं गाजर, आलं, लसूण, हळद असं मोठ्या पातेल्यात मऊ शिजवून वाटायचं. करी हाउसातल्या बहुतेक रश्श्यांचा पाया हाच. हात धुऊन त्यांनी पेढा घेतला, ट्रॉफी उचलून पाहिली, "वज़न अच्छा है" म्हणाले आणि पुन्हा कांद्याकडे वळले.

त्यांचे गुडघे गेलेत. "अजून दोन हिवाळे," चाचा हळूच म्हणाले. पुढे कोण? चाचांचा मुलगा अकाउंटंट आहे आणि तिथे सुखी आहे. बाहेरून माणूस आणावा, तर कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार एप्रिल 2024 मध्ये वर्षाला 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेला होता. 2025 च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या नव्या शेफसाठी ते दारच बंद झालं. अर्जात सगळ्याचे रकाने होते, उद्या स्वयंपाक कोण करणार याचा नव्हता.

जानेवारीपासून दर मंगळवारी मी वही घेऊन तिथे बसते. शेफ सांगतात, मी मराठीत टिपते आणि घरी इंग्रजीत उतरवते. त्यांची मापं मुठीची, म्हणून प्रत्येक मूठ आधी काट्यावर जोखतो. मीठ जमलं, धण्याची पूड जमली. कांदा केव्हा उतरवायचा ते मात्र वासावर आहे. त्यासाठी चाचांनी गावातल्याच कॉलेजातला एक मुलगा ठेवलाय. सध्या तो पातेल्याशी उभा असतो आणि शेफ त्याला सारखं विचारतात, "अब?"