'हे चालू दे, तू पुढे चल'

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. संगणक उशिराच शिकलो. रोज सकाळी लिहायला बसलो की चार प्रोग्रॅम उघडावे लागत. एक लिहिण्याचा, एक शब्दकोशाचा, एक जुन्या फाइलींचा आणि एक गाणी वाजवणारा. पुतण्या म्हणाला, "चाचा, चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. एका हाकेत चौघे हजर!"

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. मी चार ओळींत चार नावे लिहिली. पहिला प्रोग्रॅम उघडला, बाकीचे तिघे बेपत्ता! एक काम संपल्याशिवाय संगणक दुसऱ्याला हात लावत नाही. आणि पहिले काम संपणार कधी? मी तो प्रोग्रॅम बंद करीन तेव्हा.

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरी अम्मी असा स्वयंपाक करत नसे. एका शेगडीवर कुकर चढवला की शिट्टीची वाट न पाहता ती दुसरीवर तवा ठेवी. संगणकालाही हेच सांगावे लागते. लिनक्समध्ये त्यासाठी ओळीच्या शेवटी & हे चिन्ह लिहितात. लिनक्स ज्या वळणावर बेतले, ती युनिक्स प्रणाली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू केली. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही हे चिन्ह याच कामासाठी आहे. एरवी त्याचा अर्थ 'आणि'. इथे अर्थ असा की, हे चालू दे, आणि तू पुढे चल. विंडोजमध्ये हेच काम ओळीच्या आरंभी 'स्टार्ट' लिहून होते.

मी पहिल्या तीन ओळींना चिन्ह लावले. चौथीच्या पुढे कुणीच नाही, मग तिला कशाला? चौघे उघडले, मी खूश! पण टर्मिनल नावाची काळी खिडकी मध्ये येत होती. ती बंद केली, आणि चारही प्रोग्रॅम गेले. जतन न केलेली कविताही गेली. सिलिंडर बंद केल्यावर शेगड्या कशा पेटत राहणार?

चौथ्या ओळीमुळे स्क्रिप्ट अजून टर्मिनलला बांधलेली होती. टर्मिनल बंद होताना आपल्याशी बांधलेल्या कामांना तसा निरोप पाठवते आणि बहुतेक प्रोग्रॅम तो मिळताच बंद होतात. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरत. तार तुटली की काम थांबावे, म्हणून ही सोय. तो निरोप कानाआड करायला सांगणारा शब्द आहे 'नोहप', म्हणजे 'नो हँगअप'. तो ओळीच्या आरंभी लिहायचा, आणि शेवटच्या ओळीलाही & लावायचे. यंत्र जुने असेल तर दोन ओळींच्या मध्ये 'स्लीप २' लिहावे. दोन सेकंदांची उसंत मिळते, सगळे एकदम धावून येत नाहीत.

ती कविता मी आठवून पुन्हा लिहिली. दोन ओळी मात्र परत आल्या नाहीत. म्हणून सांगतो, कामे पडद्यामागे खुशाल पाठवा. पण पाठवण्याआधी त्यांची दोरी कुणाच्या हाती आहे ते पाहा, आणि लिहिलेले जतन करत चला.