नववीच्या दारात अडलेला दाखला

ऊसतोड मजुराचे पोर दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर बीडहून कारखान्याच्या फडावर जाते ते उन्हाळ्याच्या तोंडावरच परतते. फडावर कोण जाते? दलित, बंजारा, वंजारी. आठवीपर्यंत २००९ चा शिक्षण हक्क कायदा या पोराच्या पाठीशी आहे. शाळा सुटलेल्याला वयानुरूप वर्गात बसवा, असे कलम ४ सांगते. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारू नका, असे कलम ५ बजावते; दाखला रखडवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाईचीही तरतूद आहे. पण पोर नववीत गेले की हे कवच गळून पडते! गळती जिथे वाढते, नेमका तिथेच कायदा हात झटकतो.

इकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, असा शालेय शिक्षणाचाही हिशेब मांडला. चांगलेच झाले. मग कारखान्याजवळच्या शाळेत चार महिने बसलेल्या नववीतल्या पोरीचे तास गावच्या शाळेने का धरू नयेत? ते कुणी मोजायचे, कुणी नोंदवायचे, याचा लेखी आदेश शिक्षण खात्याने दोन्ही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावा. तोही टोळ्या गाव सोडण्याआधी.