भास्कराचार्यांनी विचारलेला ‘का’

दहावीची भूमितीची परीक्षा जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो: पायथागोरसची सिद्धता पाठ करून टाक, येतेच. वर पुस्तीही असते, की आपली परंपराच घोकंपट्टीची. हा समज खोटा आहे, आणि त्याचा पुरावा खान्देशातच आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणला शके 1128 चा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ही नोंद. ते ग्रंथ श्लोकबद्ध आहेत, पाठ व्हावेत म्हणूनच. पण ‘सिद्धांतशिरोमणी’वर आचार्यांनी स्वतः गद्य भाष्य लिहिलं, ‘वासनाभाष्य’. वासना म्हणजे इथे उपपत्ती, रीत बरोबर का याचं उत्तर. ‘बीजगणिता’त काटकोन त्रिकोणाच्या 15 आणि 20 या बाजू देऊन ते कर्ण विचारतात आणि लगेच त्याची उपपत्तीही मागतात.

ती उपपत्ती हाताने करून पाहायची तर पुठ्ठ्याचे असे चार त्रिकोण कापा. चारही कर्ण बाहेरच्या कडेला येतील असे जुळवले की कर्णाएवढ्या बाजूचा चौरस तयार होतो आणि मधे 20 वजा 15, म्हणजे 5 बाजूचा चौकोनी खड्डा उरतो. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ 150, चारांचं 600, खड्ड्याचं 25. एकूण 625, म्हणून कर्ण 25. बाजू कोणत्याही घ्या: त्यांच्या गुणाकाराची दुप्पट अधिक फरकाचा वर्ग, म्हणजेच दोघींच्या वर्गांची बेरीज. हे हाताने जुळवलेल्या मुलाला सूत्र विसरलं तरी पुन्हा काढता येतं.

आता उलटा गैरसमज, जो हल्ली शहाण्या पालकांत जास्त दिसतो: समजलं की झालं, पाढे कशाला? वरचंच उदाहरण करताना पंधरा वीसे तीनशे यायला वेळ लागला, तर मधला खड्डा डोक्यातून निसटतो. एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरता येतात. पाठ असलेला पाढा त्यातली जागा मोकळी करतो. आजोबांच्या पिढीची पावकी-निमकी याच कामाची होती. मात्र सात आठे छप्पन्न म्हणणाऱ्या मुलाला सात साते एकोणपन्नासात आणखी सात मिळवले की तेच येतं, हेही दिसायला हवं.

राहिला गुणांचा प्रश्न. पैकीच्या पैकी म्हणजे समजलं, असं धरून चालू नये. आकृतीतल्या ABC ची PQR केली, त्रिकोण जरा फिरवून काढला, की पाठ केलेली सिद्धता अडखळते. दोष मुलाचा नाही. आपण विचारलंच तेवढं. घटक चाचणीत एक प्रश्न तरी असा ठेवता येईल: चार त्रिकोणांची आकृती द्यायची, सूत्र न वापरता कर्ण काढायला सांगायचा आणि निम्मे गुण कारणाला ठेवायचे.